पत्रकाच्या कपट्यांमागे

मद्रासला वसंत ऋतू असतो, ही बातमी मला आमच्या कचेरीच्या गोऱ्या साहेबाकडून मिळाली. मी इथलाच, मैलापुरात जन्मलेला. पण तोवर तो मला कधी भेटला नव्हता. फाल्गुन लागला की आम्ही माठ घासून काढायचो आणि उन्हाळा आला म्हणायचो. साहेबाच्या देशात त्या दिवसांत बर्फ वितळतं, फुलं येतात आणि शहाण्यासुरत्या माणसांना रानात धावत सुटावंसं वाटतं. त्याच्या देशाचं राज्य गेलं, पण बंदराजवळची कचेरी राहिली, आणि कचेरीबरोबर ही वसंतातली शर्यतही राहिली.

शर्यत अशी. दोन माणसं सगळ्यांच्या आधी सुटतात; त्यांना ससे म्हणायचं. सशांच्या खांद्यावर झोळ्या, झोळ्यांत कागदाचे कपटे. ते शेतांतून, ताडांच्या बनांतून, बांधांवरून कपटे टाकत जातात, मधूनमधून खोटा मागही सोडतात. थोड्या वेळाने बाकीचे त्या कपट्यांचा माग काढत धावतात. माग जिथे संपतो तिथे चहाचा तंबू. तंबू दर वर्षी नव्या जागी, आणि ती जागा सशांना आणि साहेबाला तेवढी ठाऊक. जो पहिला पोचेल त्याने साहेबापाशी एक मागणं मागायचं आणि साहेबाने ते द्यायचं, अशी रीत. अशा मागण्यांतून पॅकिंगच्या खोलीत पंखा आला होता, दुपारच्या चहाच्या जागी कॉफी आली होती, आणि आदल्या वर्षी कॅरमबोर्ड. स्वतंत्र देशातले पदवीधर कारकून अर्ध्या चड्ड्या घालून पंख्यासाठी धावत होते, आणि एक परका माणूस राजासारखा छत्रीखाली बसून वर देत होता. मी कचेरीत लागलो त्याच वर्षी या प्रथेवर एक लेख लिहिला होता. तो कोणी छापला नाही.

माझ्या अशा वृत्तीचं मूळ घरात आहे. माझे वडील, अप्पा, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आमच्या घरात गोष्टीचं एकही पुस्तक नव्हतं; पत्रकं मात्र फडताळभर. दारूबंदी, मंदिरप्रवेश, हुंड्याचा निषेध, कडुनिंबाच्या दंतमंजनाची महती. पुण्या-बेळगावाकडून कोणी कोणी पाठवलेली मराठी पत्रकं अप्पा जपून ठेवायचे. आमचं घराणं तंजावरकडचं. घरात बोलतो ती मराठी जुनी, अर्धी तमिळमध्ये मुरलेली. शुद्ध मराठी मी त्या पत्रकांवरून शिकलो. त्यामुळे लहानपणी मला भूक लागली की मी आईला म्हणे, "अन्नाचा प्रश्न तातडीने सोडवला पाहिजे." आई म्हणे, "कोणाशी बोलूं लागलास रे? पाट घे अन् बैस."

माझी थोरली बहीण, अक्का, त्याच कचेरीत टंकलेखक होती. किंबहुना ती आधी लागली आणि तिच्यामुळे मी. त्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा शाळामास्तर, आमच्यातलाच. तिने नोकरी करण्याला त्याची हरकत नव्हती. हरकत कंपनीची होती. लग्न झालं की बाईने राजीनामा द्यायचा, हा तिथला नियम. निरोपाच्या दिवशी साहेबाची बायको तिला चहाचा संच भेट द्यायची.

"मला चहाचा संच नको," अक्का म्हणाली. "आपल्याकडे कॉफी पितात."

"प्रश्न संचाचा नाही. प्रश्न अधिकाराचा आहे," मी म्हणालो.

"प्रश्न माझ्या टेबलाचा आहे. खिडकीजवळचं टेबल आहे ते. दहा ते पाच तिथे मला कोणी पाणी मागत नाही."

इतका साधा मुद्दा मला पुरेसा वाटला नाही. मी पत्रक लिहिलं: विवाहितेचा कामाचा अधिकार. मद्रासमधल्या आमच्या तमाम मराठी समाजाला उद्देशून, मोठ्या पानाच्या दोन्ही बाजू भरून, कुठेही पाणी न घालता. अप्पांच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांचा एकच संच होता. तो आमच्या लोकांच्या लग्नपत्रिकांसाठी आणि पूजेच्या पोथ्यांसाठी बाहेर निघायचा. खिळे जुळवणारा गृहस्थ तमिळ होता. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती, तो आकार बघून खिळे लावायचा, आणि अगदी बिनचूक लावायचा. पण या लिपीत जे येतं ते लग्नच असतं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. त्याने माझ्या मथळ्यावर आपणहून मंगल कलश, त्यावर नारळ आणि दोन बाजूंना आंब्याची पानं लावली. कागदही दोन्ही बाजूंनी हळदीच्या रंगाच्या चौकटीत बसवला.

अप्पांनी पत्रक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे."

मी ते देवळाच्या तळ्याकाठी वाटलं, कीर्तनाच्या बैठकीत वाटलं, ओळखीच्या घरी नेऊन दिलं. लोकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. काहींनी कोपऱ्याला कुंकू लावून देवापुढे ठेवलं. आमच्यातली तरुण मुलं देवनागरी वाचत नाहीत, त्यांनी ते आईबापांकडे दिलं. आईबापांनी कलश पाहिला आणि बहिणीचं लग्न ठरल्याचं त्यांना ठाऊकच होतं. "मुहूर्त सकाळचा का संध्याकाळचा?" असं मला एका वकिलांनी विचारलं. मी म्हणालो, "शेवटचा परिच्छेद पाहा, त्यात स्त्रीच्या दास्याचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "ते बरोबरच रे, पण जेवण कुठल्या हॉलला?" एक मावशी तर आहेराचं लुगडं घेऊनच आल्या.

उरलेले गठ्ठे मी खाटेखाली सारले.

कचेरीत शर्यतीची पाटी लागली तेव्हा अक्का माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुला धावायचंय."

"मी धावणार नाही. हक्क हा मागून घ्यायचा नसतो. आणि बक्षीस म्हणून तर नाहीच नाही. ही मेहेरबानी आहे."

"लहानपणी पत्रकं पोचवायला तू मैलापूरभर धावत होतास. तुझ्याइतकं कोणी धावलेलं नाही इथे."

"ते कार्य होतं."

"हेही कार्यच आहे, माझं. तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेव. मला फक्त पाय दे."

मी दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर कबूल झालो. जिंकलो तर साहेबापुढे मी स्वतःचं निवेदन करीन. मी ते लिहून काढलं: इतिहासापासून सुरुवात, मग स्त्रीश्रमाचं मूल्य, मग नियमाची तर्कविसंगती, शेवटी मागणी. अक्काने ते वाचलं, पेन्सिल घेतली आणि शेवटचं वाक्य सोडून सगळ्यावर तिरकी रेघ मारली. "माझ्या बहिणीला लग्नानंतर कामावर राहू द्यावं. एवढंच म्हण. पुढे काही बोललास तर मी तंबूतून निघून जाईन." मी मान डोलावली. मनात म्हटलं, त्या वेळी बघू.

शर्यतीच्या आठवड्यात कागदाची पंचाईत झाली. मोठ्या हेडक्लार्कने काटकसर म्हणून रद्दीच्या कोऱ्या बाजूवर टाचणं लिहायचा हुकूम काढला होता, त्यामुळे सशांच्या झोळ्यांसाठी रद्दीच उरली नव्हती. शनिवारी अक्का म्हणाली, "कागदाची सोय मी केलीय." मी विचारलं नाही. मी त्या वेळी आरशासमोर निवेदनातला इतिहासाचा भाग घोकत होतो.

रविवारी भल्या सकाळी आम्ही अड्यारच्या पुलापलीकडे जमलो तेव्हा धुकं इतकं होतं की बाजूचा माणूस ओळखू येत नव्हता. मद्रासला फाल्गुनात असं धुकं क्वचित पडतं. साहेब खूश होता. त्याला घरी असल्यासारखं वाटत असावं. त्याने वसंतावर दोन शब्द बोलून ससे सोडले. मग तो, त्याची बायको आणि कचेरीतल्या बायका पावाच्या लाद्या घेऊन व्हॅनमधून तंबूकडे गेले. जाताना अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

शिट्टी झाली. सगळे धुक्यात घुसले आणि एकमेकांवर आपटले. हिशेब खात्यातला एक जण ताडाची माफी मागताना मी स्वतः ऐकला.

"कागद कुठाय? कोणाला कागद दिसतोय का?"

"तुझ्या पायाखाली बघ, म्हशीच्या शेणाशेजारी."

मला पहिला कपटा एका सराट्याच्या जाळीवर दिसला. दवाने भिजलेला. मी वाकलो. त्यावर छापलं होतं: समाजाने डोळे उघ.

मी तिथेच उभा राहिलो. हळदीच्या रंगाची चौकट, माझा मजकूर, खिळे जुळवणाऱ्याची बिनचूक जोडाक्षरं. दहा पावलांवर दुसरा कपटा: आंब्याचं पान आणि अर्धा नारळ. तिसरा: ही गुलाम नाही. कोण ही, ते मागे कुठेतरी गवतात राहिलं होतं. क्षणभर माझ्या अंगाची आग झाली. मग लक्षात आलं की मागून सगळे येतायत, आणि मी धावायला लागलो.

धावता धावता मी ते सगळं परत वाचलं. लेखकाला असा योग क्वचित येतो. आणि मला कबूल केलं पाहिजे, फाडल्यामुळे मजकूर सुधारला होता. विशेषणं गळून गेली होती. नुसतं 'वेतन', नुसतं 'का', नुसतं 'विचार करा' असं एकेक तुकड्यावर होतं, आणि ते ओल्या मातीवर बरं दिसत होतं.

धुकं जसं आलं तसंच एकदम उठलं. पाठोपाठ ऊन असं पडलं की कोणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटावं. वाळूची वाट लागली. पश्चिमेकडून गरम वारा सुटला आणि कपटे जमिनीवरून उठून फिरायला लागले. आम्ही एका गावाच्या रस्त्यावर पोचलो आणि तिथे सगळे थांबले, कारण रस्ताभर कागदच कागद होते. निवडणुकीचे दिवस होते. उमेदवारांच्या जीपगाड्यांनी आदल्या संध्याकाळी गुलाबी, पिवळी, पांढरी पत्रकं मूठमूठभर उधळली होती. पिवळी तर आमच्या चौकटीसारखीच. त्यांचा एक सरळ, दाट, मोहक माग गावाच्या दिशेने गेला होता.

"हा बघा माग," हिशेब खात्याचा म्होरक्या म्हणाला आणि सगळा कळप त्याच्यामागे वळला.

मला मात्र डावीकडे, नांगरटीच्या कडेला, एक कपटा दिसत होता. तमिळ अक्षरांच्या त्या उकिरड्यात तो लगेच ओळखू येत होता: अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ. या सगळ्या मुलखात ती रेघ वाचणारा धावपटू मी एकटा होतो.

इथे माझ्यापुढे नैतिक प्रश्न उभा राहिला. तो मी टाळला नाही. एकाकडे नकाशा आणि बाकीचे आंधळे, ही स्पर्धा नव्हे. अशा जिंकण्यावर मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पत्रक काढलं असतं. दुसरीकडे अक्काचं खिडकीजवळचं टेबल होतं. मी उन्हात उभा राहून दोन्ही बाजू तपासल्या, आणि मग ओरडलो, "थांबा. तो माग नव्हे, ती निवडणुकीची पत्रकं आहेत. डोक्यावर रेघ असलेली अक्षरं शोधा. खरा माग इकडे आहे."

म्होरक्याने धावता धावता मान वळवली. "तंबी," धाकट्या भावाला हाक मारतात तसं तो म्हणाला, "भाषण सोमवारी कर."

"भाषण नाही, खरं सांगतोय."

"तेच तर. तू नेहमी खरंच सांगतोस. आज आम्ही धावायला आलोय."

दुसरा म्हणाला, "दोन वर्षं शर्यतीला शिव्या देत होता, आज वाट दाखवायला आलाय." सगळे हसले आणि गुलाबी-पिवळ्या धुळीत दिसेनासे झाले. माझं मन स्वच्छ झालं. इतक्या स्वस्तात ते याआधी कधी झालं नव्हतं.

एक जण मात्र राहिला. स्टोअर्समधला कारकून, लांब पायांचा, नेल्लोरकडचा, आदल्या वर्षीचा कॅरमबोर्ड त्यानेच जिंकला होता. त्याने वाकून कपटा उचलला.

"ही तुमची अक्षरं ना? तुमच्या लग्नपत्रिकेची?"

"ती लग्नपत्रिका नाही."

"कलश आहे की वर. बरं, असू दे. तू वाच, मी धावतो. तंबू दिसला की मग आपापलं."

अशा रीतीने आम्ही दोघे जोडीने धावलो. त्याचं या वर्षीचं मागणंही त्याने सांगून टाकलं. त्याच्या आवडत्या नटाचं नवं चित्र लागेल त्या दिवशी कचेरीला अर्धी सुटी. "सगळी कचेरी मला आशीर्वाद देईल," तो म्हणाला. "तुला काय मागायचंय?"

मी सांगितलं.

त्याने वाटेतला एक पाट ओलांडला. मग म्हणाला, "तुझी बहीण चांगली टाइप करते. पण मी तुझ्यासाठी हरणार नाही, आधीच सांगतो."

"मी तशी अपेक्षाही करत नाही. ते तत्त्वात बसत नाही."

"छान. या तुकड्यावर काय लिहिलंय?"

मी धापा टाकत अर्थ सांगितला. पुढच्या तुकड्याचाही. आणखी एकाचा.

"एवढंच?" तो म्हणाला. "हे तर कोणालाही पटेल. मग तमिळमध्ये का नाही छापलंस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. भाषा, समाज, संस्कार, अनेक मुद्दे होते. पण त्या वेळी छातीत हवा नव्हती, म्हणून मी उत्तर दिलं नाही. अजून त्याला ते द्यायचं राहिलंय.

वेलचेरीच्या तलावाचा बांध दिसायला लागला. त्या वेळी तिकडे भातशेती, तलाव आणि बगळे याशिवाय काही नव्हतं. बांधाच्या पायथ्याशी वाट दुभंगत होती आणि तिथे माग संपला. डावीकडे कपटा नाही, उजवीकडे कपटा नाही. उकिडवा बसून मी जमीन पाहिली. इतक्यात आभाळ दक्षिणेकडून काळं झालं, गार वारा आला आणि पावसाचे टपोरे थेंब वाळूत खड्डे पाडायला लागले. सकाळी हिवाळा, न्याहारीच्या वेळी वैशाख आणि आता हे. साहेबाचा वसंत बहुधा यालाच म्हणत असावेत.

"शेळी," स्टोअर्सवाला म्हणाला.

"काय?"

"शेळीच्या तोंडात बघ."

उजव्या बांधावर काही शेळ्या शांतपणे चालल्या होत्या. चालता चालता खाली मान घालून त्या काहीतरी टिपत होत्या. एकीच्या ओठांबाहेर हळदीची चौकट लोंबत होती. मी पाहीपर्यंत तीही आत गेली. समाजाने देवापुढे ठेवलेलं माझं पत्रक शेवटी कोणीतरी पचवत होतं, आणि ओळीने, एकही कपटा न गाळता. माग शोधायची गरजच उरली नाही. शेळ्या जिकडे जातायत तिकडे माग होता.

आम्ही दोघे एकदमच उठलो. शेळ्यांना ओलांडलं आणि बांधाच्या पलीकडच्या टोकाला, वडाखाली, पांढरा तंबू दिसला.

"आता आपापलं," तो म्हणाला आणि सुटला.

तो माझ्याहून चांगला धावायचा, यात वाद नाही. बांधावर चढेपर्यंत तो बराच पुढे गेला होता. पण पाऊस आता सरळ कोसळत होता आणि बांधाची काळी चिकणमाती त्याच्या नव्या कॅनव्हासच्या बुटांना धरायला लागली. प्रत्येक पावलाला बूट वाढत होता. थोड्याच वेळात त्याचे पाय हत्तीसारखे दिसायला लागले. माझे बूट जुने, उसने आणलेले. एकाचा तळवा तिथेच सुटला. मी दोन्ही फेकून दिले आणि अनवाणी धावलो. अंगठे मातीत रुतवत धावायचं मला मैलापूरच्या गल्ल्यांतल्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं. तंबूच्या अलीकडे तो घसरला आणि बसला. मी त्याच्या बाजूने गेलो. तो बसल्या बसल्या म्हणाला, "जा, जा, नवरीच्या भावा." मी तत्त्वाने जिंकलो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी चिखलाने जिंकलो.

तंबूत साहेब छत्री उघडून बसला होता, कारण तंबू गळत होता. शेजारी बायका पाव कापत होत्या. अक्काच्या हातात सुरी होती. तिने पाव कापायचं थांबवलं.

"शाबास," साहेब म्हणाला. "काय हवंय तुला?"

हाच तो क्षण. निवेदन मला पूर्ण पाठ होतं. इतिहास, मूल्य, तर्क, सगळं ओळीने जिभेवर आलं. मी तोंड उघडलं आणि फक्त धाप बाहेर पडली. पुन्हा उघडलं, पुन्हा धाप. तिसऱ्या खेपेला एका वाक्यापुरती हवा जमली, आणि एकच वाक्य असल्यावर माणूस मागणीच करतो.

"माझ्या बहिणीला लग्नानंतर कामावर राहू द्यावं."

पाव कापणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले. साहेबाने अक्काकडे पाहिलं, आपल्या बायकोकडे पाहिलं, मग वर गळणाऱ्या कापडाकडे. पंखा किंवा कॅरमबोर्ड याला तो तयार होता. मी आणखी बोलतो की काय म्हणून तो थांबला. मला बोलायचं होतं. पण पोटात कळ आली आणि मी वाकलो. माझ्या त्या वाकण्याचा त्याने वेगळा अर्थ घेतला असावा, कारण त्याचा चेहरा मऊ झाला.

"रीत ती रीत," तो म्हणाला. "पण नियमही नियमच. मी असं करतो. पुढच्या वसंताच्या शर्यतीपर्यंत ती राहील. मग बघू."

साहेबाच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. ती सहृदय बाई होती; चहाच्या संचाचा खर्च कंपनी करत असे, पण निरोपाच्या दिवशी रडायची ती.

बाकीचे धावपटू आले ते पाऊस थांबून पुन्हा ऊन पडल्यावर, आणि तेही वाटेत तंबू विचारत, एका मोटारीच्या टपावर बसून. पिवळ्या मागाने ते थेट एका उमेदवाराच्या सभेत जाऊन पोचले होते. सभेला फारसं कोणी नव्हतं. घामाघूम झालेल्या तरुणांचा जथा धावत आलेला पाहून वक्ता सद्गदित झाला होता. त्यांना पुढे बसवलं, ताक पाजलं, आणि भाषण संपेपर्यंत कोणाला उठू दिलं नाही. म्होरक्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

"तंबी," तो मला म्हणाला, "तू ओरडत होतास ते काय होतं रे?"

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

तलावाच्या पायरीवर मी पाय धूत बसलो होतो. अक्का तांब्याने पाणी घालत होती. स्टोअर्सवाला पलीकडे बसून काडीने बुटाची माती खरवडत होता.

"वर्षभर," मी म्हणालो. "म्हणजे हा अधिकार झाला नाही. भाडेपट्टा झाला. एका माणसाचं काम त्याच्या भावाच्या पायांवर अवलंबून असावं, ही कसली व्यवस्था? आणि ज्या बाईला धावणारा भाऊ नाही तिने काय करायचं?"

"टाच दाखव. काटा आहे."

"मी याविरुद्ध लिहिणार आहे."

"लिही की. वर्षभर माझं टेबल आहे, रात्री बसून टाइपसुद्धा करून दिलं असतं, पण आमच्या यंत्रावर तुझी अक्षरं नाहीत." तिने काटा काढून पाण्यात टाकला.

"अक्का, तू ती पत्रकं मुद्दाम दिलीस ना?"

"खाटेखाली झाडू जात नव्हता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग तांब्या पालथा घालत म्हणाली, "आता तिथे जागा झालीय. नवं पत्रक लिही. चांगलं लांब लिही. पुढच्या फाल्गुनात कागद लागेल."

"आणि हे बघ," स्टोअर्सवाल्याने बुटावरून नजर न काढता सांगितलं, "तमिळमध्ये लिहू नकोस. सगळ्यांना वाचता येईल."

त्याच आठवड्यात मी लिहायला बसलो. विषय घेतला वार्षिक मेहेरबानीची प्रथा आणि तिचे दुष्परिणाम. खिळे जुळवणाऱ्याला कलश लावू नकोस असं मी मुद्दाम सांगितलं नाही. मागावर कलश दुरून ओळखू येतो. आणि विशेषणांच्या बाबतीत मी काटकसर केली नाही.